काठीनं सुटणारी गाठ

१

सोमवारी सकाळी सरकारी इस्पितळाच्या धुलाईघरात मोठ्या हौदाचं पाणी सोडलं, तेव्हा तळाशी एक गाठोडं उरलं. मुकादमाला वाटलं, शनिवारच्या चादरी कुणीतरी विसरलं. वाकून उचलायला गेला तर ते हलेना. गाठ सुटेना, म्हणून त्यानं कात्री आणली आणि चादर मधोमध फाडली. आत कपड्यांना करायची जुनी, जळकी इस्त्री होती, आणि तिच्या पोटाशी अंगठा लावून हजेरी घ्यायचं कोरं करकरीत यंत्र. रात्रभर नव्हे, दीड दिवस सोड्याच्या पाण्यात भिजून ते पार कामातून गेलं होतं.

यंत्र शनिवारी दुपारीच आलं होतं. सोमवारपासून प्रत्येक कामगारानं त्यावर अंगठा ठेवायचा होता. नुसत्या हजेरीसाठी नाही. या लोकांना सही येत नाही. नोकरीला लागताना कागदावर जो अंगठा उमटवला, त्याच्याशी आताचा अंगठा जुळतो का, ते यंत्र पाहणार होतं. जुळला तर पगार, जुळला तर पेन्शन.

दुपारपर्यंत वरच्या ऑफिसातून चौकशीबाई आल्या. त्यांना सगळे याच नावानं ओळखत, आणि आता त्याही फोनवर "चौकशीबाई बोलतेय" असंच म्हणत. वरच्या ऑफिसात मोठ्या भानगडी मोठ्या साहेबांकडे जात आणि हरवलेले पंखे, चोरलेले नळ नि फुटलेली कुलपं बाईंच्या वाट्याला येत. बाईंची तक्रार नव्हती. घरी वाट पाहणारं कुणी नसलं की माणूस कामाला नाही म्हणत नाही. आई गेल्यापासून घरात त्या किटलीशी बोलत, आणि किटली निदान शिट्टी तरी वाजवायची.

इस्पितळाचे मोठे डॉक्टर घाईत होते. "शुक्रवारपर्यंत नाव द्या, बाई. जो असेल त्याला घरी पाठवतो."

"घरी म्हणजे?"

"म्हणजे समोर." त्यांनी खिडकीतून रस्त्यापलीकडच्या खाजगी दवाखान्याकडे बोट केलं. "गंमत बघा. मी समोर गेलो तर माझा पगार वाढेल. माझा धोबी समोर गेला तर त्याचा एक तृतीयांश होईल. तीच चादर, तोच साबण, मध्ये फक्त रस्ता. ज्यानं शाळेचं तोंड पाहिलं नाही त्याला सरकारी नोकरीसारखं दुसरं नशीब नाही. म्हणून तर हे लोक नोकरीला गोचिडासारखे चिकटतात."

 बाईंची आई सरकारी कचेरीत झाडू मारायची. तिलाही अक्षर ओळखता येत नसे, आणि तिच्याच पगारावर बाई शिकल्या होत्या. चिकटण्याबद्दल त्यांना डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत होतं.

त्यांनी फाटक्या चादरीचा गाठीचा भाग टेबलावर पसरला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. ती गाठ नव्हतीच. तीन टोकं एकत्र धरून चौथं टोक त्यांच्याभोवती आवळून गुंडाळलं होतं आणि त्याचं शेपूट आत खोचलं होतं. हातानं ओढावं तितकं ते अधिक आवळत होतं.

"मुकादम, इथं गाठोडी अशी बांधतात?"

"छे हो. इथं पिशव्या असतात. अशी बांधणी मी उभ्या जन्मात पाहिली नाही."

२

धुलाईघरात माणसं इनमीन तीन. मुकादम, इस्त्रीवाला आणि मावशी. बाकीच्या जागा रिकाम्या होत होत्या आणि भरल्या जात नव्हत्या. यंत्र ठेवलेल्या कपाटाची किल्ली दारामागच्या खिळ्याला लटकायची, आणि ते तिघांनाही ठाऊक होतं. कुलूप लावून किल्ली शेजारी टांगायची, ही सरकारी खबरदारी.

मुकादम गोल, घामेजलेला आणि बोलका होता. "माझ्यावर संशय घ्याल तर घ्या, बाई. मला उशीर होतो, हे खरं. यंत्र आलं असतं तर माझी पंचाईत होती, हेही खरं. पण मी बुडवलं असतं तर स्वतःच बाहेर काढलं असतं का?"

"मावशी कशा आहेत?"

"देवमाणूस. पण माणसात नाही. जेवायलासुद्धा बॉयलरच्या मागं एकटी बसते. कुणाच्या लग्नाला नाही, बारशाला नाही. जुन्या बायका सांगायच्या, आधी अशी नव्हती म्हणे. बडबडी होती. अठरा-वीस वर्षांपूर्वी धाकटी बहीण वारली तेव्हापासून तोंड मिटलं ते मिटलंच. हातमोजेसुद्धा तेव्हापासून सोडले. सोड्यात उघडे हात घालते! मी नवे मोजे देतो, ती नुसती घडी करून ठेवते. दुःखाचे प्रकार असतात, दुसरं काय."

इस्त्रीवाल्याला सगळे 'कडक' म्हणत. त्याच्या इस्त्रीमुळे, आणि थोडं त्याच्या तोंडामुळेही. त्यानं चहाचा कप दोन तळव्यांत धरला आणि बाईंकडे न बघता फुंकर मारली.

"बुडवलेली इस्त्री तुमच्या टेबलाखालची," बाई म्हणाल्या.

"टेबलाखाली भंगार पडलेलं असतं. कुणीही उचलावं."

"तुम्ही नोकरीला कधी लागलात?"

"आठ-नऊ वर्षं झाली. त्याआधी दहा वर्षं नुसता अर्ज करत होतो. जागा एक निघायची आणि अर्ज पोत्यानं यायचे."

"आणि अर्ज करत होतात तेव्हा काम कुठं करत होता?"

कडकनं कप खाली ठेवला. 

"समोर," तो म्हणाला.

३

मावशीची खोली धुलाईघराच्या मागच्या कर्मचाऱ्यांच्या चाळीत होती. तिच्या खिडकीतून धुलाईघराचं दार दिसे, म्हणून बाई संध्याकाळी तिकडे गेल्या.

एक खाट, एक स्टोव्ह, दोरीवर एक साडी. बाईंना आपलीच खोली आठवली, फक्त इथं किटली नव्हती. मावशी उंच, वाळकी, पांढऱ्या केसांची. हात कोपरापर्यंत लाल, आणि बोटांची कातडी जागोजागी तडकलेली.

"शनिवारी संध्याकाळी कुणी आत जाताना दिसलं?"

"नाही, बाई."

"निवृत्ती जवळ आली ना तुमची?"

"दोन महिने."

"मग पेन्शन. निवांत."

"पोरगी नर्सिंग शिकतेय. वसतिगृहात असते. तिचं होईस्तोवर निवांत कसलं?" पोरीचं नाव निघताच मावशीचा चेहरा जरा उजळला. "रविवारी फोन करते. 'आई, जेवलीस का', एवढं विचारते आणि तासभर स्वतःचंच सांगते."

भिंतीवर एकच फोटो होता. चाळिशीला टेकलेली बाई, हसरी, इस्पितळाच्या धुलाईघरातला निळ्या कॉलरचा झगा घातलेली, कडेवर तान्हं मूल.

"तुमचा का हा? पोरीसोबत?"

मावशीनं फोटोकडे पाहिलं. पदरानं काच पुसली, जरी ती स्वच्छच होती.

"नाही. बहीण माझी. ती गेली."

"वाईट वाटलं ऐकून."

"बरेच जण असं म्हणतात," मावशी म्हणाली. "मग आपापल्या घरी जातात."

बाई उठल्या. दारात जाताना त्यांना उगाचच वाटलं की या खोलीत आपण काहीतरी पाहिलं आणि ते तिथंच विसरून चाललो आहोत. काय, ते मात्र आठवेना.

४

दुसऱ्या दिवशी बाई रस्ता ओलांडून गेल्या. खाजगी दवाखाना पुढून काचेचा आणि मागून पत्र्याचा होता. पत्र्याखाली चार बायका उकिडव्या बसून धुणं धूत होत्या. हातमोजे एकीच्याही हातात नव्हते. भिंतीशी गाठोड्यांची रास होती, आणि प्रत्येक गाठोड्याची तीन टोकं एकत्र, चौथं गुंडाळलेलं, शेपूट आत खोचलेलं.

"ही बांधणी कसली?" बाईंनी विचारलं.

सगळ्यात म्हातारी बाई हसली. "रोग्याची कापडं असतात, बाई. रक्ताची, पुवाची. मोजे मालक देत नाही. म्हणून आम्हीच युक्ती काढली. हातानं सोडायला गेलं तर सुटत नाही, अन् काठी घालून एक हिसडा दिला की आपोआप उलगडतं. बोट लावायला नको. इथं नव्या बाईला आधी हे शिकवतो, मग साबण देतो. पंधरा दिवसांत अशी सवय लागते की घरचा डबासुद्धा तसाच बांधला जातो."

"इथून सरकारी धुलाईघरात कोण कोण गेलं?"

"कोण जाणार? ते नशीब एकालाच. कडक." म्हातारीनं हात झटकले. "तिकडच्या मावशीची धाकटी बहीण होती इथं. थोरली तिकडं सरकारात, धाकटी इकडं आमच्यात. दिसायला एका साच्यातल्या. गावाला तापानं वारली बिचारी. लई जीव लावायची. कडक एकदा महिनाभर आजारी होता, तर त्याच्या वाटचं धुणं हीच धुवायची, म्हणून त्याची रोजी बुडली नाही."

बाईंनी कडकला बोलावलं. मोठे डॉक्टर शेजारीच बसले.

"ही गाठ समोरची आहे. आणि समोरून आलेले तुम्ही एकटे."

"असेल," कडक म्हणाला.

"तुम्ही बुडवलं?"

कडक आपल्या तळव्यांकडे बघत राहिला.

"नाही तर नाही म्हणा!" बाईंचा आवाज चढला. त्यांना त्याचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली. "नोकरी जाईल. दहा वर्षं अर्ज करून मिळवलीत ना?"

"मिळवली. ठाऊक आहे मला." 

डॉक्टरांनी हात चोळले. "झालं. उद्या निलंबनाचा हुकूम काढतो."

"नाव अजून मी दिलेलं नाही, डॉक्टर," बाई म्हणाल्या. पण डॉक्टरांनी घंटी वाजवली होती. चहा आला. कडकनं कप दोन तळव्यांत धरला, आणि बाईंचं लक्ष पहिल्यांदा नीट त्याच्या उजव्या हाताकडे गेलं. दोन बोटं वाकडी होऊन आखडली होती.

"हे कधी झालं?"

"गेल्या वर्षी. वाफेनं."

बाईंनी टेबलावरचा रुमाल त्याच्यापुढं सरकवला. "ती गाठ मारा."

त्यानं तीन टोकं धरली, चौथं गुंडाळलं. शेपूट खोचायला बोटं वळेनात. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा सुटलं. त्यानं रुमाल बाजूला सारला.

म्हणजे समोर काम केलेली, ही गाठ हातात बसलेली आणि इथल्याशी संबंध असलेली दोनच माणसं. एकाची बोटं चालत नव्हती. आणि दुसरी मेलेली होती.

५

त्या संध्याकाळी बाईंनी किटली ठेवली आणि ती शिट्टी वाजवेपर्यंत तिच्याशी बोलत राहिल्या.

"मेलेली माणसं गाठी मारत नाहीत," त्या म्हणाल्या. "मग? थोरली धाकटीची गाठ पाहून शिकली असेल. असेल की. पण घाबरलेल्या माणसाचे हात पाहिलेलं करत नाहीत, सवयीचं करतात. रोज हजार वेळा केलेलं. आणि थोरली तर आयुष्यभर पिशव्या वापरणारी."

किटली शिट्टी वाजवू लागली. बाईंनी ती उतरवली नाही.

"हातमोजे. सोड्यात सवयीनं मोजे घालणारी बाई बहीण मेली म्हणून मोजे काढून टाकील का? दुःखात माणूस जेवण सोडतं, बोलणं सोडतं. हात जाळून घेत नाही. मोजे सोडले नाहीत. मोजे कधी घातलेच नव्हते त्या हातांनी."

आणि मग त्या खोलीत विसरलेली गोष्ट आठवली. फोटोतली बाई मेलेली बहीण होती. मेलेली बहीण समोरच्या पत्र्याखाली काम करायची. मग तिच्या अंगावर सरकारी धुलाईघराचा निळ्या कॉलरचा झगा कसा?

बाईंनी गॅस बंद केला. कोडं सुटल्याचा आनंद त्यांना नेहमी व्हायचा. आज झाला नाही.

सकाळी त्या बॉयलरच्या मागं गेल्या. मावशी तिथंच होती. डबा उघडला नव्हता. तो फडक्यात बांधलेला होता, तीन टोकं एकत्र, चौथं आत खोचलेलं. झग्यावरचा बिल्ला काढून तिनं मांडीवर ठेवला होता.

बाई शेजारी जमिनीवरच बसल्या.

"फोटोतली बहीण," त्यांनी हळू विचारलं, "थोरली की धाकटी?"

मावशीनं बिल्ल्यावरून बोट फिरवलं.

"थोरली," ती म्हणाली. तो एक शब्द बाहेर पडल्यावर तिचे खांदे खाली आले. "मी डॉक्टरांकडेच निघाले होते, बाई. कडकला काढतायत म्हणून मुकादम सांगत होता. त्यानं काही केलेलं नाही."

"त्याला ठाऊक होतं?"

"इथं आला त्या दिवशी. त्यानं मला पाहिलं, मी त्याला. पूर्वी एका हौदावर बसून हसत-खिदळत धुणं धुतलंय आम्ही. तो म्हणाला, 'नमस्कार, मावशी. मी नवीन.' तेव्हापासून आम्ही अनोळखी. रोज समोरासमोर, अन् अनोळखी."

"आणि तो दहा वर्षं अर्ज करत होता."

"तेच तर, बाई. मी बसले ती जागा कुणाच्या तरी तोंडचा घास होती. कदाचित त्याच्याच. ते मला रोज आठवायचं, अन् रोज मी झगा चढवायची." तिनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "थोरली गावाला तापानं गेली. नवरा आधीच टाकून गेलेला. पोर वर्षाचं. समोरच्या पगारात माझं एकटीचंच भागत नव्हतं, त्यात दूध कुठून आणायचं? तिचा बिल्ला खुंटीवर होता. लावला आणि येऊन हौदावर उभी राहिले. जुन्या बायकांनी पाहिलं. कुणी काही बोललं नाही. एकीनं साबण हातात दिला नि म्हणाली, 'सोडा जपून टाक गं, इथला जास्त भाजतो.' बस, एवढंच."

"आणि धाकटी मेली, असं सांगितलंत."

"कुणीतरी एक मेलंच होतं ना? सांगायला तर हवं." तिनं बिल्ला पालथा केला. "पोरगी मला आई म्हणते. इथं सगळे मावशी म्हणतात. थोरलीच्या नावानं पगार येतो. पण धाकटे म्हणून हाक मारणारं जगात कुणी उरलं नाही. कधी कधी एकटी असले की मीच मला हाक मारते. वेडेपणा."

"मी किटलीशी बोलते," बाई म्हणाल्या.

दोघीही क्षणभर हसल्या. मग दोघींनाही ते हसू पुरलं नाही.

"दुसरं यंत्र येईल," बाई शेवटी म्हणाल्या. "ते बुडवून चालणार नाही. अंगठा जुळणार नाही. मग खटला, वसुली आणि पोरीला पोलीस येऊन सांगतील."

"ठाऊक आहे. शनिवारी यंत्र पाहिलं अन् डोकं फिरलं. नुसते दोन महिने हवे होते."

बाईंना आपली आई आठवली. झाडू ठेवून परत येणारी, पगाराच्या दिवशी वह्या आणणारी. आई आपल्या लहानपणीच गेली असती आणि तिच्या जागी अशी कुणी मावशी उभी राहिली नसती, तर आपण आज चौकशीबाई झालो असतो की पत्र्याखाली बसलो असतो? उत्तर त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी ते मनातसुद्धा दिलं नाही.

"मला आलेल्या हुकमात एकच प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "यंत्र कुणी बुडवलं. यंत्र बुडवणारी बाई कोण, हे कुणी विचारलेलं नाही. आजच राजीनामा दिलात तर तुमचा अंगठा पुन्हा कुणी मागणार नाही. पण पेन्शनही मिळणार नाही. एक छदामही नाही."

मावशीनं डब्याच्या फडक्यावर हात ठेवला.

"अन् कडक?"

"कडकला कुणी हात लावणार नाही."

"पोरीला मीच सांगीन," मावशी म्हणाली. "दुसऱ्याच्या तोंडून नको."

६

अहवाल अर्ध्या पानाचा झाला. यंत्र धुलाईघरातल्या जुन्या कर्मचारी बाईनं घाबरून बुडवलं, तिनं कबुली दिली, निवृत्तीचे सगळे हक्क सोडून राजीनामा दिला. सगळं खरं होतं. नोकरीतल्या इतक्या वर्षांत बाईंनी खरं लिहून इतकं लपवलं नव्हतं, आणि रात्री झोप लागेना, तेव्हा त्यांनी स्वतःला माफही केलं नाही. डॉक्टर म्हणाले, "दोन महिने उरले असताना! या लोकांना अक्कल नसते, बघा." बाईंनी पर्स उचलली.

काही आठवड्यांनी नवं यंत्र बसलं. ते बसल्याच्या कागदावर सही करायला बाई पुन्हा आल्या. मुकादम वेळेवर आलेला होता आणि त्याबद्दल सगळ्या जगाला दोष देत होता. काम उरकून बाई फाटकापाशी आल्या, तेव्हा दुपारची सुटी झाली होती. फाटकाशी कडक उभा होता.

रस्त्यापलीकडे पत्र्याखाली मावशी उकिडवी बसली होती. एक तृतीयांश पगार, उघडे हात, पांढरे केस. पोरीला तिनं सांगितलं होतं, असं मुकादमाकडून कळलं. त्यानंतर दोन रविवार फोन आला नव्हता.

"तिसऱ्या रविवारी आला का?" बाईंनी कडकला विचारलं.

"आला. पोरगी म्हणाली, 'जेवलीस का?' पुढं हाक काय मारावी ते तिला सुचेना, म्हणून नुसतीच रडली." कडक रस्त्याकडे वळला. "शिष्यवृत्तीचं बघतेय म्हणे."

गाड्या जात होत्या. पलीकडे मावशी एकटीच डबा घेऊन भिंतीशी सरकली, जुन्या सवयीनं, सगळ्यांपासून लांब.

कडकनं इकडे तिकडे पाहिलं. सरकारी फाटक, पहारेकरी, मुकादम, वरच्या ऑफिसच्या बाई. मग त्यानं आखडलेल्या बोटांचा हात तोंडाशी नेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली.

"धाकटे! ए धाकटे! थांब, मी पण डबा आणतो!"

पलीकडे सोड्यानं लाल झालेला हात तसाच हवेत राहिला. तिनं आधी मागं वळून पाहिलं, दुसऱ्याच कुणाला हाक मारली असेल म्हणून. मागं कुणी नव्हतं.